खुंटाला किती फुटवा आला? झुडपी जंगलात वाढ मोजण्याची रीत

'झुडपी जंगल' ही नोंद विदर्भाबाहेरच्या माणसाला समजावणं अवघड जातं. धड जंगल नाही, धड पडीत नाही. महसुली कागदावर एक, वनखात्याच्या हिशेबात दुसरं. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमीनच मानायच्या असा निकाल दिला, तेव्हा अनेकांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. आम्ही मात्र याच बरड, मुरमाड जमिनीवर टेप आणि वही घेऊन हिंडत आलो.

माझा पहिला धडा तिथल्या एका गुराख्याने दिला. मी वहीत लिहीत होतो, 'तेंदू, झुडूप, उंची ११० सेंमी.' तो वाकून बघत म्हणाला, "झुडूप कायचं भाऊ? झाड होय हे. दरसाल कापतेत लोकं, दरसाल फुटते थे." बुडाजवळची माती बोटाने उकरली, तर खाली मांडीएवढा जाड, गाठाळ बुडखा. वर तीन काड्या, खाली कित्येक वर्षांचं मूळ. माझ्या वहीतला ११० सेंमीचा आकडा खरा होता. त्यातून काढलेला अर्थ चुकला होता.

कास्तकाराला हे वेगळं सांगावं लागत नाही. वेचणीनंतर पुन्हा फुटवून घेतलेली कापसाची फरदड म्हणजे काय, तोडणीनंतर पुन्हा फुटलेला उसाचा खोडवा म्हणजे काय, हे तो जाणतो. बोंडअळीच्या भीतीने 'फरदड घेऊ नका' असं कृषी खातं दरवर्षी सांगतं, पण पऱ्हाटी पाणी मिळालं की पुन्हा फुटतेच. रानातही तेच चालतं. फरक एवढाच की तिथे विळ्याखेरीज शेळी, वणवा आणि दुष्काळही कापणी करतात. ही परत फुटण्याची ताकद आकड्यांत कशी पकडायची ते मी इथे सांगतो. पदवीच्या प्रकल्पाला, पीएचडीच्या पहिल्या वर्षाला किंवा आपलं रान मोजू पाहणाऱ्या ग्रामसभेच्या पोरांना ते उपयोगी पडेल.

पहिली पायरी: वाढ की फुटवा?

दोन्ही मोजायला टेप एकच लागतो, पण प्रश्न वेगळे आहेत. वाढ म्हणजे ठरावीक काळात रोपाच्या आकारात पडलेली भर. फुटवा म्हणजे काहीतरी गमावल्यानंतरचं उत्तर. म्हणून फुटव्याला तीन नोंदी लागतात: आधी काय होतं, त्यातलं किती गेलं आणि परत किती आलं. पहिल्या दोन नसतील तर तिसरीला काही किंमत नाही. वणवा लागून गेल्यावर टेप घेऊन धावणारे मी बरेच पाहिले आहेत, त्यांत मीही होतो. जळालेल्या खुंटाला किती फुटवे आले ते मोजता येतं. पण जळण्याआधी तो मनगटाएवढा होता की बोटाएवढा हे माहीत नसेल, तर दहा फुटवे जास्त की कमी ते कशावरून ठरवणार?

म्हणून पहिली फेरी कापण्याआधीची, वणव्याआधीची. आमच्याकडे वणव्याचा काळ फेब्रुवारी ते मे. मोह वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, तेंदूसाठीही आग लावतात. तेव्हा जानेवारीअखेरपर्यंत सगळ्या खुंटांची पहिली मापं वहीत हवीत.

दुसरी पायरी: गावाशी बोलणं

राखीव जंगल किंवा अभयारण्य असेल तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळालेलं गाव असेल तर ग्रामसभेत जाऊन बसा. गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीलाही कळवा. हे नुसतं कागदी काम समजू नका. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये हा हक्क मिळाला, आणि तिथली माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या जंगलाचा अभ्यास करत होती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने तर तेंदूपानं तोडायचीच नाहीत असं ठरवलं, कारण त्यासाठी होणारी छाटणी आणि आग जंगलाला मारक आहे असं त्यांच्या नजरेला आलं होतं. पैसा समोर दिसत असताना घेतलेला हा निर्णय आहे. अशा गावात कोण कुठे कधी कापतो हे विचारलं तर अर्धा अभ्यास बसल्या जागी होतो.

विचारायचं काय? खुटकटाई, म्हणजे तेंदूची झुडपं बुडाशी छाटणं, कुठल्या आठवड्यात होते, सरपण कुठल्या बाजूने आणतात, शेळ्या कधी सोडतात, गेल्या तीन वर्षांत कुठे वणवा गेला. हे सगळं तारखांसह लिहून घ्या. तारीख आठवत नसेल तर होळीच्या आधी की नंतर, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी की नंतर, असं विचारा. माणसं सणावरून बरोबर सांगतात.

तिसरी पायरी: झाडं निवडणं आणि खूण करणं

दोन-चार प्रजाती पुरे. आमच्या भागात तेंदू, पळस, साग आणि धावडा घेतले तर बरंच चित्र मिळतं. तेंदू आणि पळस मुळांवरूनही फुटतात, साग बुंध्यातून जोरात फुटतो. सागाच्या मुळात किती शिदोरी असते हे बघायचं असेल तर रोपवाटिकेत जा. तिथे वर्षभराच्या रोपाचा शेंडा आणि बारीक मुळं छाटून उरलेली 'साग जडी' गाजरासारखी गठ्ठ्याने बांधून ठेवतात, आणि पावसाळ्यात रोवली की तीच फुटते.

प्रत्येक प्रजातीचे, प्रत्येक वागणुकीचे (कापलेले, न कापलेले, कुंपणातले) निदान दहा खुंट धरा. वीस असतील तर उत्तम, कारण काही मरतील, काही हरवतील. दोन खुंटांत दहा मीटरपेक्षा जास्त अंतर ठेवा. तेंदूच्या बाबतीत हे फार गरजेचं आहे, कारण जवळजवळ उभी असलेली पाच 'झाडं' जमिनीखाली एकाच मुळाची पोरं असू शकतात. निवड नजरेने करू नका. नजर नेहमी धट्टंकट्टं झाड उचलते. दोरी टाका, दर दहा मीटरवर थांबा आणि सगळ्यांत जवळचा खुंट घ्या, मग तो कितीही मरतुकडा असो.

खुणेची गोष्ट जरा लांबवतो, कारण माझं एक अख्खं वर्ष तिने खाल्लं. मी खुंटांना लाल कापडाच्या पट्ट्या बांधल्या होत्या. लांबून दिसतील, सापडायला सोपं जाईल, हा हिशेब. सरपणाला येणाऱ्या बायांनी त्या बघितल्या आणि हे काहीतरी सरकारी दिसतं म्हणून नेमके तेच खुंट सोडून आजूबाजूचे कापले. मला हवी होती गावाच्या रोजच्या कापणीखालची वाढ, आणि माझ्या वहीत आली कुणी हात न लावलेल्या खुंटांची. दुसऱ्या वर्षी ॲल्युमिनियमचे बिल्ले ठोकले तर त्यांतले निम्मे पोरांनी भंगारात घातले. आता मी काय करतो ते सांगतो. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापायचा, त्यावर खिळ्याने क्रमांक कोरायचा आणि बुडाशी उत्तरेच्या बाजूला मातीत दोन बोटं खोल पुरायचा. प्लास्टिक वापरू नका, पहिल्याच वणव्यात जातं. मोजणीच्या पट्ट्यात एक लोखंडी सळई जमिनीसरशी ठोकायची आणि तिच्यापासून प्रत्येक खुंटाचं अंतर व होकायंत्रावरची दिशा लिहायची. मोबाईलचा जीपीएस सळईपर्यंत नेऊन सोडतो. झाडाखाली त्याची चूक पाच-दहा मीटर सहज जाते, त्यामुळे खुंट शोधायला टेपच कामाचा.

फुटव्यांवर खूण करताना दोरा आवळून बांधू नका. काडी जाड होते, दोरा तिचा गळा घोटतो आणि मग आपण आपल्याच चुकीचा परिणाम मोजत बसतो. जुन्या वायरीचं सैल कडं पुरतं.

चौथी पायरी: साहित्य

कापडी टेप (पोलादी टेप काटेरी झुडपात कटकट करतो), व्हर्नियर कॅलिपर, दोन मीटरची खुणा केलेली काठी, झाडकात्री, धारदार कोयता, पिवळा ऑइलपेंट, पेन्सिल आणि पुठ्ठ्याची वही. पेन नको. मृगाच्या पहिल्या सरीत शाई वाहून गेली की दिवस गेला. वजनाला सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमचा काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. तो वाऱ्यात हलतो म्हणून प्लास्टिकच्या डब्यात ठेवून वजन करा.

पाचवी पायरी: पहिलं माप

जाडी मोजा, मग उंची. उंची फसवी असते. शेळीने शेंडा खाल्ला, वाऱ्याने मोडला की ती घटते, जाडी मात्र बऱ्यापैकी टिकते.

मोठ्या झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, आपल्याकडे १.३७ मीटरवर घेतात. बाहेरच्या बऱ्याच अभ्यासांत १.३ मीटर असतं, म्हणून कुठलं घेतलं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो. खुरट्या, कापलेल्या झाडाला छातीची उंचीच नसते, तिथे बुडाचा व्यास घ्यावा लागतो. जमिनीपासून पाच सेंमीवर ऑइलपेंटची बारीक रेघ ओढा आणि दर वेळी त्याच रेघेवर मोजा. ही रेघ मी पहिल्या वर्षी ओढली नव्हती. पावसाने माती वाहून आणली, काही खुंट दोन बोटं गाडले गेले, आणि माझ्या तक्त्यात झाडं चक्क आखूड झाली. कॅलिपर दोनदा लावा, दुसऱ्यांदा काटकोनात फिरवून, आणि सरासरी धरा. काड्या गोल नसतात.

एका बुडाला अनेक खोडं असतील तर व्यासांची नुसती बेरीज करू नका. प्रत्येक व्यासाचा वर्ग करा, वर्गांची बेरीज घ्या आणि तिचं वर्गमूळ काढा. समजा तीन खोडं २, ३ आणि ६ सेंमीची आहेत. वर्ग ४, ९ आणि ३६, बेरीज ४९, वर्गमूळ ७. म्हणजे हे झाड ७ सेंमी व्यासाच्या एका खोडाइतकं. नुसती बेरीज केली असती तर ११ आले असते आणि झाड उगाच फुगलं असतं.

शक्यतो सकाळीच मोजा. उन्हाळ्यात दुपारी खोड पाणी गमावून किंचित आकसतं. फरक छोटा असतो, पण सावकाश वाढणाऱ्या धावड्याची काही महिन्यांची वाढही तेवढीच असू शकते.

जमलं तर सालीची जाडीही घ्या, गुडघ्याखाली, जिथे वणव्याची झळ लागते तिथे. जाड सालीचं झाड खोडासकट वाचतं, पातळ सालीचं वर जळून खालून फुटतं. फुटव्याचे आकडे पुढे समजून घ्यायचे असतील तर हे एक माप फार बोलतं.

सहावी पायरी: कापणी

स्वतः कापून प्रयोग करायचा असेल तर कापण्याची उंची, धार आणि तारीख या तिन्ही गोष्टी सगळ्या खुंटांना सारख्या ठेवा. मी जमिनीपासून १५ सेंमीवर, एकाच घावात, तिरपा काप घेतो, म्हणजे त्यावर पाणी साचून खुंट कुजत नाही. बोथट कुऱ्हाडीने साल फाटते आणि सालीखालचे डोळे मरतात. मग फुटवा कमी आला तो झाडामुळे की कुऱ्हाडीमुळे, ते सांगता येत नाही.

तारखेकडे दुर्लक्ष करणारे फार. आपल्याकडची बरीच झाडं पावसाची वाट बघत नाहीत. पळस फाल्गुनात फुलतो आणि ऐन उन्हात नवी पालवी काढतो, तेंदूही एप्रिलमध्ये कोवळा होतो. पानगळीनंतर, पालवी फुटण्याआधी, मुळात साठा भरलेला असतो. तेव्हा कापलं तर फुटवा जोरदार येतो. पालवी काढून साठा नुकताच रिकामा झाला असताना, मे अखेरच्या नवतपाच्या सुमारास तोच खुंट कापा, तो रडतरखडत फुटेल. तेंदूची खुटकटाई फेब्रुवारी-मार्चमध्ये करतात त्यामागे हेच आहे. त्यानंतर साधारण दीड महिन्यात मोठी, मऊ, विडीजोगी पानं मिळतात आणि सत्तर-सत्तर पानांचे पुडे फळीवर, म्हणजे खरेदी केंद्रावर, जायला लागतात. म्हणून 'वाढ पावसाळ्यात होते' असं धरून जूनमध्ये पहिली फेरी मारणाऱ्याची अर्धी गोष्ट हातची जाते.

साठा ढोबळ बघायचा असेल तर अभ्यासाबाहेरच्या एखाद्या रोपाचं बोटाएवढं मूळ कापून त्यावर आयोडीनचा थेंब टाका. स्टार्च असेल तर काप निळा-काळा होतो. यातून आकडा मिळत नाही, पण फेब्रुवारीचा काप आणि मे महिन्याचा काप शेजारी ठेवले की डोळ्यांनी फरक कळतो.

कापलेला माल टाकून देऊ नका. 'किती गेलं' ही नोंद तोच देतो. पानं आणि काड्या वेगळ्या करून ओलं वजन जागेवरच करा, आणि प्रत्येकाचा मूठभर नमुना कागदी पाकिटात घालून वाळवायला न्या. त्या नमुन्याच्या ओल्या-सुक्या वजनाच्या प्रमाणावरून सगळ्याचं सुकं वजन काढता येतं. आख्खी मोळी बसमध्ये घेऊन जायची गरज नाही. मी एकदा नेली होती, कंडक्टरने तिचं तिकीट फाडलं.

प्रत्येक कापलेल्या खुंटामागे तसाच, तेवढाच, न कापलेला एक सोबती ठेवा. तो नसेल तर त्या वर्षीच्या पावसाचा परिणाम आणि कापण्याचा परिणाम वेगळे करता येत नाहीत. मंडळनिहाय पावसाचे आकडे मिळतात, पण एका शिवारात कोसळून शेजारच्यात थेंब न टाकणारा पाऊस आपण सगळ्यांनीच पाहिला आहे. एक साधं पर्जन्यमापक गावातल्या कुणाच्या तरी परसात लावा.

सातवी पायरी: फुटवे मोजणं

पहिले दोन महिने दर आठवड्याला जा. पहिला कोंब कधी दिसला ती तारीख हवी, आणि कोंब कशाला म्हणायचं ते आधी ठरवा. मी हिरवं टोक अर्धा सेंमी बाहेर आलं की धरतो. त्यानंतर पोळ्याच्या सुमारास, दिवाळीनंतर आणि जानेवारीत एकेक फेरी पुरते.

प्रत्येक फेरीत खुंट जिवंत की मेला हे आधी लिहा. मग फुटवा कुठून आला ते: खोडावरून, बुडातून की मुळावरून. मुळावरचा फुटवा बुडखापासून हातभर लांबही निघतो, म्हणून मीटरभराच्या वर्तुळात वाकून बघा, शंका आली तर माती उकरा. बियाण्याचं रोप आणि मुळावरचा फुटवा सुरुवातीला सारखे दिसतात. रोपाच्या खाली सरळ बारीक मूळ जातं, फुटव्याच्या खाली आडवं जाड मूळ सापडतं.

पाच सेंमीपेक्षा लांब फुटवे मोजा. दहापर्यंत असतील तर सगळ्यांची लांबी आणि उगमापासून पाच सेंमीवरचा व्यास घ्या. वीस-तीसचं गचपण असेल तर सगळ्यांत लांब तीन आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेले सात. एकट्या संख्येवर भिस्त ठेवू नका. जुलैत एका खुंटाला पंचवीस फुटवे असतात, पुढच्या वर्षी चार उरतात, बाकीचे सावलीत मरतात. त्याला ऱ्हास म्हणायची घाई नको, भावाभावांतली वाटणी आहे ती.

शेळीने खाल्लेल्या फुटव्यासमोर 'खाल्ला' लिहा, मोडलेल्यासमोर 'मोडला'. थोडक्या खुंटांभोवती बोराटीचं कुंपण घातलं तर शेळीचा हिस्सा वेगळा काढता येतो. कुंपण सैल आणि उघडं ठेवा, दाट काट्यांची सावली पडली तर आपण सावलीचा प्रयोग करत बसू.

सुकं वजन हवं, पण फुटवे कापायचे नाहीत, तर एक युक्ती आहे. अभ्यासाच्या पट्ट्याबाहेर त्याच प्रजातीचे लहानमोठे वीस-पंचवीस फुटवे कापा. प्रत्येकाचा व्यास आणि लांबी घ्या, वाळवून वजन करा. व्यासाचा वर्ग गुणिले लांबी एका अक्षावर, वजन दुसऱ्यावर, दोन्हींचे लॉग घेऊन सरळ रेषा बसवा. आता पट्ट्यातल्या उभ्या फुटव्याचं वजन टेपवरून काढता येतं. दुसऱ्या जिल्ह्यातलं किंवा मोठ्या झाडांसाठी काढलेलं सूत्र उसनं घेऊ नका, फुटव्याची ठेवण वेगळी असते.

गवताचं थोडक्यात

कुसळी, पवन्या, मारवेल यांची परत वाढ मोजायची तर अर्धा मीटर बाय अर्धा मीटरची लोखंडी चौकट घ्या, चार कोपऱ्यांवर खिळे ठोका म्हणजे दर वेळी चौकट तिथेच बसेल. काही चौकटी चरण्याची नक्कल म्हणून हंगामात दोन-तीनदा पाच सेंमीवर कापायच्या, काही शेवटपर्यंत राखायच्या, दोन्हींवर जाळीचा पिंजरा. समजा कापलेल्या चौकटीतून तीन वेळा मिळून ८०, ७० आणि ४५ ग्रॅम सुकं गवत आलं. बेरीज १९५. राखलेल्या चौकटीत हंगामाच्या शेवटी त्याच पाच सेंमीवर कापून २४० निघालं. १९५ भागिले २४० म्हणजे ०.८१. एकच्या खाली म्हणजे गवताने नुकसान पूर्ण भरून काढलं नाही. एकच्या वर आलं तर चरण्याने गवत उलट जास्त वाढलं. असं खरंच होतं का, यावर सॅम्युअल मॅकनॉटन या शास्त्रज्ञाच्या आफ्रिकेतल्या सेरेंगेटी गवताळ रानातल्या कामापासून वाद चालू आहे. आपल्या गायरानाचं उत्तर आपल्यालाच काढावं लागेल.

आठवी पायरी: पान आणि लाकूड

जगभरचे आकडे एकमेकांशी ताडता यावेत म्हणून संशोधकांनी २००३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये वनस्पतींचे गुणधर्म मोजण्याच्या समान रीती ठरवल्या. त्यांत पानाला मोठा मान आहे. उन्हातलं, पूर्ण वाढलेलं, न खाल्लेलं पान घ्या, एका झाडाची निदान दोन, निदान पाच झाडांची. ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत ठेवा, रात्रभर देठ पाण्यात बुडवून अंधारात ठेवा, सकाळी पुसून वजन करा. क्षेत्रफळासाठी तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडचा स्कॅनर चालतो. नाहीतर पान काचेखाली सपाट दाबून, शेजारी पट्टी ठेवून, अगदी वरून फोटो काढा आणि इमेजजे या मोफत प्रोग्रॅममध्ये मोजा. मग ७० अंशांवर ७२ तास भट्टीत वाळवून पुन्हा वजन.

पानाचं क्षेत्रफळ ६० चौरस सेंमी आणि सुकं वजन अर्धा ग्रॅम असेल तर ग्रॅममागे १२० चौरस सेंमी झाले, म्हणजेच किलोमागे १२ चौरस मीटर. हा आकडा मोठा म्हणजे पान स्वस्तात बांधलेलं, लवकर वाढणारं. छोटा म्हणजे जाड, चिवट, टिकाऊ. सुकं वजन भागिले भिजवलेल्या पानाचं वजन हा दुसरा आकडा, तोही चिवटपणा सांगतो. फुटव्यावरची पानं आणि मोठ्या झाडावरची पानं एका पाकिटात घालू नका. तेंदू तोडणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, दोन्हींचा पोत वेगळा.

मे महिन्याचं विदर्भाचं ऊन भट्टीसारखंच आहे, मग भट्टी कशाला, असं विद्यार्थी विचारतात. उन्हात वाळलेल्या पानात ओल उरतेच, आणि ती दमट-कोरड्या हवेप्रमाणे बदलते. गावात वर्तमानपत्रात वाळवा, बुरशी येऊ देऊ नका, आणि शेवटचं वाळवण कॉलेजच्या भट्टीत करा. बाहेर काढल्यावर लगेच तोला, पावसाळ्यात पाकीट बघता बघता ओल ओढतं.

लाकडाची घनता सोपी आहे. काट्यावर पाण्याचं भांडं ठेवा, काटा शून्यावर आणा, साल काढलेला ओला तुकडा सुईला टोचून पूर्ण बुडवा पण तळाला टेकवू नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घन सेंमी त्याचं आकारमान. १२.४ घन सेंमीचा तुकडा वाळून ८.७ ग्रॅम भरला तर घनता ०.७०.

नववी पायरी: आकडेमोड

दोन फुटवे महिनाभरात, म्हणजे ३० दिवसांत, ३६ सेंमी वाढले. एक १८ चा ५४ झाला, दुसरा ६० चा ९६. दोघे सारखे का? पहिला तिप्पट झाला, दुसरा दीडपटीच्या थोडा वर. म्हणून सापेक्ष वेग काढतात: नंतरच्या मापाच्या नैसर्गिक लॉगमधून आधीच्या मापाचा लॉग वजा करायचा आणि दिवसांनी भागायचं. पहिल्याचा वेग दिवसाला ०.०३७, दुसऱ्याचा ०.०१६. लहान काडी नेहमीच वेगवान दिसते, म्हणून तुलना करताना सुरुवातीचं माप शेजारच्या रकान्यात ठेवा.

एका खुंटाचे बारा फुटवे म्हणजे बारा नमुने नव्हेत. नमुना खुंटाचा. दहा खुंटांचे १२० फुटवे १२० नमुने म्हणून मांडले तर परीक्षक पहिल्याच पानावर पकडतो, आणि पकडावंच.

मेलेल्या खुंटांचं काय? वीस कापले, बारा फुटले, त्यांच्या सगळ्यांत लांब फुटव्याची सरासरी ८० सेंमी. मेलेले आठ शून्य धरले तर सरासरी ४८. दोन्ही आकडे खरे, पण एकत्र घोळले की दोन्हींचा अर्थ जातो. मी तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहितो: वीसपैकी किती जगले, जगलेल्यांना किती फुटवे आले, आणि ते किती वाढले. काही प्रजाती जवळजवळ सगळ्या जगतात पण रांगतात, काही निम्म्या मरतात आणि उरलेल्या धावतात. हा फरकच तर शोधायचा असतो.

वाढ उणे आली म्हणून ओळ खोडू नका. दर फेरीत दहातला एक खुंट दुसऱ्या माणसाकडून, पहिलं माप न दाखवता, पुन्हा मोजून घ्या. दोघांच्या मापांत नेहमी दोन मिलिमीटरचा फरक पडत असेल, तर दोन मिलिमीटरची 'वाढ' कुठेही छापू नका.

संध्याकाळी गावातून निघण्याआधी वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि रेंज मिळेल तिथे उभं राहून तो दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. माझी एक वही गाईने खाल्ली आहे. पुठ्ठा तेवढा ठेवला.